गावाला माहीत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये सकाळी आठच्या सुमारास जिन्यातून एक हाक येते, ‘कचराऽऽ!’ हाक देणारी बाई असते. पण गंमत अशी, की ती ऐकून घरातली प्रत्येक जण आत वळून सांगते, ‘अगं, कचरा आला, बादली दे!’ दूधवाला येतो, पेपरवाला येतो, इस्त्रीवाला येतो. त्यांना निदान ‘वाला’ तरी लावतात. हिला तेवढंही नाही. कचरा न्यायला येणारी बाई स्वतःच कचरा होऊन जाते.

लेकीच्या बाळंतपणासाठी २०२४च्या दिवाळीनंतर मी चार महिने कोथरूडला होते. आमच्याकडे तालुक्याच्या गावात नगरपालिकेची घंटागाडी येते, गाणं वाजवत. आपण बादली उलटी करतो आणि आमटीला फोडणी द्यायला आत पळतो. गाडीमागून कोण चालतंय, हे बघायला सवड कुणाला असते? कोथरूडला मात्र मला सवडच सवड होती. बाळाला कोवळं ऊन द्यायचं म्हणून मी रोज खाली पार्किंगच्या कट्ट्यावर बसायची, आणि त्याच वेळी पलीकडच्या सावलीत ती ओला-सुका वेगळा करत असायची. साठीची बाई. काटक. कपाळावर मोठं हिरवं गोंदण, साडीवर पुरुषी शर्ट, हातात मोजे.

पहिले आठ-दहा दिवस ती लांबूनच बाळाकडे बघून हसायची. मग एका सकाळी म्हणाली, ‘बाळाला सर्दी झालीया नव्हं? ओवा भाजून पुरचुंडी ठिवा उशाला.’

मी चकित! ‘तुम्हाला कसं कळलं?’

‘नाकात घालायच्या थेंबाचं खोकं व्हतं की तुमच्या बादलीत.’

अशी आमची ओळख झाली. तिचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. तुमच्याविषयी पेपरात लिहू का, असं विचारलं तेव्हा ती जरा विचार करून म्हणाली, ‘लिवा की. पर नाव छापू नका, बाई. गावाकडं पेपर जातो.’ गाव धाराशिव जिल्ह्यात. तिथे दोन भाऊ, भावजया, भाचेकंपनी. त्या सगळ्यांना इतकी वर्षं एवढंच माहीत, की आत्या पुण्यात ‘कंपनीत’ आहे. कंपनी कसली ते कुणी विचारलं नाही आणि हिनेही सांगितलं नाही. तेव्हा आपणही तिला मावशीच म्हणू या.

वय विचारलं तर मावशी सांगते, ‘बहात्तरच्या दुष्काळात सात वर्साची व्हते.’ आपल्याकडच्या किती बायकांचा जन्म असा दुष्काळाच्या मापाने मोजला जातो! गावात जमिनीचा तुकडा नाही, वडील दुसऱ्याच्या रानात. विहिरी आटल्या तशी मजुरीही आटली. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, पोरांना तिथे सुकडी मिळायची. लाल मिलोची भाकरी मावशीला अजून आठवते. ‘घशाखाली उतरायची न्हाई, पर भुकंला काय कळतंय?’ त्या वर्षी मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून अशी कितीतरी कुटुंबं पुण्या-मुंबईला आली ती इथलीच झाली. मावशीचं कुटुंबही त्यातलंच. पुण्यात नदीकाठी झोपडं पडलं. चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एकाशी. मुलगी झाली, पुढे दिवस राहीनात. नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला दीड वर्षाच्या पोरीसकट बाहेर काढलं.

तोवर आई वारली होती आणि भाऊ परत गावाकडे गेले होते. माहेरी गेली, तर चौथ्या दिवशी भावाने एसटीत बसवून दिलं. ‘दिल्या घरी राहा.’ दिलं घर तर दार उघडेना. मग उरलं स्वारगेटचं स्टँड, तिथून हाकललं की रेल्वे स्टेशन, तिथून हाकललं की पुन्हा स्वारगेट. ही गोष्ट १९८३-८४ सालची. अकरा महिने ती अशी राहिली.

या अकरा महिन्यांबद्दल ती फार बोलत नाही. एकदाच बोलली, तेही टोमॅटोच्या साली आणि पुठ्ठे वेगळे करता करता, माझ्याकडे न बघता. रात्री पोरीचा पाय स्वतःच्या पायाला पदराच्या चिंधीने बांधून झोपायचं, म्हणजे कुणी उचललं तर जाग येईल. झोपायचं ते दिव्याखाली, चहाच्या गाड्याजवळ, अंधार शोधायचा नाही. केस विंचरायचे नाहीत. तोंडाला चुलीतली राख फासायची आणि कुणी जवळ आलं की मोठमोठ्याने बरळायचं. ‘येडी म्हनून बाप्ये लांब ऱ्हायचे. शानी बाई रस्त्यावं टिकत न्हाई, येडी टिकती.’ अंघोळ पहाटे चारला, स्टेशनच्या नळावर, साडी अंगावर ठेवूनच. संडासाला पैसे पडतात म्हणून दिवसा खाणंच कमी. आणि महिन्याचे ते चार दिवस? त्याबद्दल मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, ‘पेपराची रद्दी, दुसरं काय.’

तुम्ही म्हणाल, पुण्यासारख्या शहरात एकही माणूस भेटला नाही? भेटला की. पण भेटला तो शिव्या देत!

झालं असं, की हॉटेलाबाहेरच्या कोंडाळ्यात पोरीसाठी पावाचे तुकडे शोधताना एका म्हातारीने तिला हाताला धरून मागे ओढलं. पुण्यात कचराकुंडीला कोंडाळं म्हणतात. वरवर बेवारशी दिसणाऱ्या या कोंडाळ्यांनाही मालकिणी असतात, हे तेव्हा मावशीला ठाऊक नव्हतं. कुठली गल्ली कुणाची, कुठल्या कोंडाळ्यातला कागद कुणी उचलायचा हे वेचणाऱ्या बायकांमध्ये ठरलेलं असतं आणि त्यावरून डोकी फुटतात. म्हातारीने हिच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग तिचं लक्ष कडेवरच्या पोरीकडे गेलं. शिव्या थांबल्या. तिने आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी काढून दिली, आणि ती खाऊन होईपर्यंत तिथेच उकिडवी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी हिला एक रिकामं पोतं आणून दिलं आणि लोखंडी आकडा. ‘कागद एकीकडं, काच एकीकडं, पत्रा एकीकडं. हाताला काचंचं भ्या धर, लोकांचं धरू नगं.’ आपल्या चार कोंडाळ्यांपैकी दोन तिने हिला देऊन टाकली. आपल्या भाषेत बोलायचं तर शेतातला निम्मा हिस्सा दिला! म्हातारीच्या झोपडीत मावशी सात वर्षं राहिली. पोरीला आजी मिळाली. म्हातारी गेली तेव्हा तिचं असं कुणी नव्हतं. पुढे मडकं धरून मावशी चालली.

‘तुमची कोण लागत होती ती?’ मी विचारलं.

‘कोन लागायचं? कुनी न्हाई. म्हनून तर.’

कचरा वेचणाऱ्यांत बायकाच इतक्या का, असा प्रश्न मला पडला होता. जरा माहिती घेतली तर कारण साधं निघालं. हातगाडी घेऊन दारोदार रद्दी-भंगार विकत घेतो तो बहुधा पुरुष. त्याला गाडी लागते, खिशात रोकड लागते. कोंडाळ्यातलं वेचायला भांडवल लागत नाही, फक्त पाठ लागते. ज्यांच्याकडे पाठीशिवाय काही नाही त्या बायका इथे येतात. परित्यक्ता, विधवा, दारुड्यांच्या बायका. आणि जवळपास सगळ्या दलित, बहुतेक महार-मातंग समाजातल्या. गावगाड्यात जे काम यांच्या माथी मारलं होतं त्याचाच हा शहरी अवतार. तरीही मावशी म्हणते, ‘धुण्याभांड्यापरीस हे बरं. मालकीन न्हाई डोक्यावं. आज येचलं, आज इकलं, आज पैसं.’ ऐकायला विचित्र वाटतं, पण अशा बऱ्याच जणी हेच सांगतात.

मालकीण नव्हती, पण पोलिस होते. पोत्यात तांब्याची तार किंवा पितळी नळ सापडला की चोर ठरायचं. परिसरात चोरी झाली की आधी या बायकांना धरायचं. भटकी कुत्री अंगावर यायची, कारण पोतं घेतलेल्या माणसावर भुंकायला कुत्र्यांनाही कुणी शिकवावं लागत नाही.

१९९०च्या सुमाराला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी या वस्त्यांमध्ये येऊ लागल्या. अक्षरं शिकवायला आल्या आणि बायकांबरोबर कोंडाळ्यांपर्यंत पोचल्या. कचरा घरातच वेगळा करून मिळाला तर यांना घाणीत हात घालावा लागणार नाही, ही गोष्ट तिथे लक्षात आली. मग मे १९९३मध्ये पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची परिषद भरली, आठशेहून अधिक जण जमले. हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. नावात कसलाही आव नाही बघा. जे वेचतो तेच नाव!

मावशी त्या परिषदेला होती. भाषणांतलं काही आठवत नाही म्हणाली. आठवतं ते एवढंच, की आपल्यासारखं पोतं घेणाऱ्या इतक्या बाया एका जागी, धुतलेल्या साड्या नेसून बसलेल्या तिने पहिल्यांदा बघितल्या. ‘मला वाटायचं, माज्याच नशिबाला उकिरडा आला.’

१९९६मध्ये पुणे महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. देशात अशी मान्यता देणारी ही पहिली महापालिका. मावशीकडे तेव्हा रेशनकार्ड नव्हतं, मतदारयादीत नाव नव्हतं. नवऱ्याच्या घरातून नाव पुसलं गेलं, भावाच्या घरात लागलं नाही. स्वतःचं नाव आणि फोटो असलेला तिच्या आयुष्यातला पहिला कागद म्हणजे हे कार्ड. ‘आमी कचरा येचतो’ असं सांगणारं! पुढे एकदा एका हवालदाराने तिचं पोतं रस्त्यात उलटं केलं, तेव्हा तिने काही न बोलता कार्ड पुढे धरलं. त्याने वाचलं, परत दिलं आणि, हे सांगताना ती अजूनही हसते, सांडलेले पुठ्ठे भरायला स्वतः पोत्याचं तोंड धरलं.

पुढे याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ साली महापालिकेशी करार झाला. आता कोंडाळ्यावर जायचं नाही, दारावर जायचं. घरटी दरमहा ठरलेले पैसे आणि सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल ते त्यांचं. कराराची मुदत संपत आली की दर वेळी धाकधूक, मोठ्या गाड्यावाल्या ठेकेदाराला काम जाईल का म्हणून. तरी कमाईला थोडा भरवसा आला. मावशीची पोर दहावी झाली, तिचं लग्न अठरा पूर्ण झाल्यावरच केलं. नात नर्सिंग शिकतेय. २०२०च्या टाळेबंदीत आपण सगळे दारं लावून बसलो होतो, तेव्हा या बायका तोंडाला फडकं बांधून जिने चढत होत्या.

पण दाराचं दुःख वेगळंच. मावशी म्हणते, ‘कोंडाळं नाक मुरडत न्हाई.’ लेकीच्या सोसायटीत कचऱ्याच्या बाईने लिफ्ट वापरायची नाही, असा अलिखित नियम होता. चार मजले, दोन विंग. बादल्या घेऊन चढायचं नि उतरायचं. सगळ्यात वाईट म्हणजे काही घरांतून वापरलेले पॅड आणि बाळांचे डायपर तसेच उघडे ओल्या कचऱ्यात येतात, आणि ते वेगळे काढायचे हातानेच. २०१६च्या घनकचरा नियमांत असा कचरा वेगळा गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. स्वच्छच्या बायकांनी त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम केली. पॅड वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचं, वर लाल पेनने ठसठशीत ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळतं. मैत्रिणींनो, याला खर्च शून्य. आपल्या गावातही घंटागाडीमागे कुणीतरी हात घालणारी आहेच. फुटलेल्या काचेचं आणि ब्लेडचंही तेच, खोक्यात घालून वेगळं द्यावं. मावशीच्या डाव्या तळहातावर तीन जुने वण आहेत. ‘ह्यो बरणीचा, ह्यो बल्बाचा, आन् ह्यो दाढीच्या पत्तीचा.’ भाग्यरेषा दाखवावी तशी तिने मला ते दाखवले.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींविषयी सांगते. पोस्टातून निवृत्त झालेल्या, बयाऐंशी वर्षांच्या, एकट्या. मुलगा अमेरिकेत. या आजी कुणाच्या फारशा अध्यात-मध्यात नसत, आणि मावशीशी तर कधी बोललेल्याही नव्हत्या. पण रोज बादली बघणाऱ्या माणसाला घर वाचता येतं. दोन चहाच्या पिशव्या, एका केळ्याचं साल, गोळ्यांचं रिकामं पाकीट, एवढाच आजींचा कचरा. २०२२च्या थंडीत बादलीत भाताची मुटकुळी येऊ लागली. ‘शिजवत्यात, पर खात न्हाईत,’ हे मावशीच्या लक्षात आलं. गोळ्यांची पाकिटं यायची थांबली, तेही. एका सकाळी बादली बाहेर नव्हती. बेल वाजवली, उत्तर नाही. पेपर मात्र कडीत तसाच. शेजारी म्हणाले, गावाला गेल्या असतील. मावशी म्हणाली, ‘गावाला जानारं मानूस आदल्या दिशी कचरा काढून जातं.’ तिने वॉचमनला वर बोलावलं, चेअरमनांना हलवलं, दार उघडायला लावलं. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, रात्रीपासून. खुब्याचं हाड मोडलेलं.

ऑपरेशन होऊन आजी घरी आल्या. मुलाने सांभाळायला बाई ठेवली. पण रोज साडेनऊला काम संपलं की मावशीने वर यायचं, हा आजींचा हुकूम. ‘लिफ्टने या,’ असंही सांगितलं, आणि कुणी काही बोललं तर म्हणायचं, तीनशे दोनची पाहुणी आहे! मी तिथे असताना त्या दोघींच्या बैठकीत चार-पाचदा बसले. काय बोलतात? फार काही नाही. आजी पेपरातलं वाचून दाखवतात, मावशी बाजारभाव सांगते, पुठ्ठा किती उतरला ते. कधी दोघीही गप्प. आजींकडे कपबशा सहा, सगळ्या सारख्या. मावशीचा कप वेगळा ठेवलेला नाही, हे मी मुद्दाम बघितलं. आणि आजी तिला नावाने हाक मारतात, पुढे ‘बाई’ लावून. मी ‘मावशी’ म्हणते याचं आजींना फारसं कौतुक नव्हतं. ‘त्यांना नाव आहे की,’ असं त्या मला म्हणाल्या.

जानेवारीत सोसायटीची सभा झाली. दारावरची पद्धत बंद करून कचरा ठेकेदाराच्या गाडीला गेटवरच द्यावा, घरटी तीस-चाळीस रुपये वाचतील, असा विषय होता. लेक बाळात गुंतलेली, म्हणून मी नुसती ऐकायला जाऊन बसले. हो-नाही चाललं होतं, बहुमत गाडीकडे झुकत होतं. एवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि आजी वॉकर टेकत बाहेर आल्या. त्या भाषण वगैरे करणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, ‘गाडीवाल्याला कळेल का, माझी बादली बाहेर आली नाही ते?’ कुणी काही बोललं नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. ती पुढची सभा, लेक फोनवर सांगते, अजून झालेली नाही.

फेब्रुवारीत मी परत निघाले, त्या आठवड्यात मावशीच्या भाच्याचं लग्न होतं. चार दिवसांची रजा, बदली म्हणून वस्तीतलीच एक तरुण पोरगी. भावाने छापील पत्रिका पाठवली होती, तीत ‘आपली आत्या’ म्हणून हिचं नाव, पुणे असं कंसात. पत्रिका तिने आम्हाला सगळ्यांना दाखवली. नवी साडी, भाच्याला घड्याळ, भावजयीला चोळीचं कापड. हाताचे वण दिसू नयेत म्हणून मेंदी काढणार होती.

‘कुणी विचारलं, कंपनीत काय करता, तर?’ मी म्हटलं.

‘प्याकिंगला हाय म्हनून सांगती. खोटं न्हाई तेबी.’

जाताना ती आजींकडे गेली, कमरेची चंची उघडली आणि त्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. एसटीत पिशवी कुणाच्या हाती लागली, गावात कुणी उघडून बघितली तर नको. आजींनी ते कपाटात, आपल्या पेन्शनच्या पुस्तकात ठेवून कुलूप लावलं.

‘सोमवारी येते न्यायला,’ मावशी म्हणाली.